थैलीवरचे भाऊजी

सबंध बुलढाणा जिल्ह्यात माझ्या भाऊजींइतका सगळ्यांनी पाहिलेला आणि कोणीच न ऐकलेला माणूस दुसरा सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. राहायला सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळ्याला, पण चेहऱ्याने पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, साखरखेर्डा, दुसरबीडपर्यंत पोचलेले. कृषी केंद्राच्या शटरवर ते, एसटी स्टँडाच्या भिंतीवर ते आणि सोयाबीनच्या बियाण्याच्या थैलीवर तर तेच ते. आमच्याकडे बियाण्याची रिकामी थैली कोणी टाकून देत नाही. त्यामुळे भाऊजी कोणाच्या न्हाणीचा पडदा होऊन लटकतात, कोणाच्या गोठ्याच्या फटीत वारा अडवून बसतात, आणि आठवडी बाजारात एखादी म्हातारी त्यांच्या हसऱ्या तोंडावर मेथीच्या जुड्या रचून बसते. भाऊजी हटकून तिच्याकडूनच मेथी घेतात. जुडी उचलली की खालून स्वतःचा डोळा दिसतो, याचं त्यांना फार अप्रूप.

न ऐकलेला म्हटलं ते मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण एरवी भाऊजींचं तोंड मिटलेलं मी झोपेतसुद्धा पाहिलेलं नाही. ते बैलांशी बोलतात, एसटीच्या कंडक्टरशी बोलतात, चुकून लागलेल्या फोनवर पलीकडच्या माणसाच्या सोयऱ्याधायऱ्यांची चौकशी करतात. गावात लग्न असलं की पंगत बसवायला माइक त्यांच्या हातात देतात. "बसून घ्या हो मंडयी, बुंदी गरम हाय" हे त्यांनी म्हटलं की भूक नसलेला माणूसही बसकण मारतो, असा तो भरघोस, जरा खरखरीत, मायेने ओथंबलेला आवाज. पण जगाने त्यांचा चेहरा उचलला आणि आवाज सोनाळ्यातच ठेवला. म्हणून त्यांच्या मनाने एकच घेतलं होतं: मॉडेलचा नट व्हायचं आणि पडद्यावर बोलायचं. "बापू," मला ते दर भेटीत सांगायचे, "लय मोठा रोल नोको मले. एक वाक्य. फक्त एक वाक्य माह्या तोंडचं लोकायनं आयकलं पायजे."

ते मॉडेल झाले तेही बोलण्याच्या नादातच. एका बियाणे कंपनीची माणसं हसरा शेतकरी शोधत गावोगाव फिरत होती. आमच्या भागातल्या माणसाला कॅमेऱ्यापुढे उभं केलं की तो तलाठ्यापुढे उभा राहिल्यासारखा होतो, त्यामुळे त्यांना हसरा म्हणून कोणी मिळेना. भाऊजी नुकतेच कोणाच्या तरी लग्नातून आलेले, डोक्याला फेटा, पोटात बुंदी. त्यांनी फोटोग्राफरला सोयाबीनची सगळी कुळकथा ऐकवायला घेतली. तो बिचारा उन्हाने कावलेला. त्याने यांच्या ओंजळीत मूठभर सोयाबीन ओतलं आणि हात जोडून म्हणाला, "काका, एक मिनिट गप्प बसा आणि नुसते हसा." भाऊजी गप्प बसले आणि हसले. तेवढ्या मिनिटात त्यांचं नशीब ठरून गेलं.

तेव्हापासून एक खोड लागली ती लागलीच. समोर मोबाइल निघाला की भाऊजी जागच्या जागी थिजतात. मान किंचित वर, दात सगळे बाहेर आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे. माझ्या लग्नाच्या अल्बमात वऱ्हाडी जेवताहेत, नवरी रडते आहे, भटजी ओरडताहेत आणि कोपऱ्यात भाऊजी ओंजळ पुढे करून हसताहेत. पुण्याकडच्या माझ्या सासऱ्यांनी हळूच विचारलं होतं की या गृहस्थांना काही द्यायचं राहिलं आहे का. आधार कार्डावर हात दिसत नाहीत म्हणून बरं. एकदा आम्ही शेतात असताना वीज चमकली, तर मी बांधाकडे पळालो आणि भाऊजी तिथेच उभे, मान वर, ओंजळ पुढे. पाऊस ओंजळीतून सांडायला लागला तेव्हा भानावर आले.

चेहऱ्याची निगा म्हणाल तर नव्या नवरीने शिकावी. शेतात जाताना डोक्याला एक पंचा, तोंडाला दुसरा. दुधावरची साय आधी गालाला, उरलीच तर चहात. मिशांना एरंडेल. ताई चिडायची, "त्या थोबाडाले इतकं जपता, अन् पायाच्या भेगा पाहा जरा!" त्यावर ते शांतपणे म्हणायचे, "पाय थैलीवर येत नाहीत."

पण हा माणूस नुसता नटवा असता तर मी त्याच्यावर लिहायला बसलो नसतो. एका वर्षी त्या थैलीतलं बियाणं काही ठिकाणी उगवलंच नाही. लोक दुकानात गेले, दुकानदाराने हात वर केले. साखरखेर्ड्याचा एक शेतकरी मात्र रिकामी थैली काखेत मारून, दोन गाड्या बदलून, विचारत विचारत थेट सोनाळ्याला भाऊजींच्या दारात आला. थैली त्यांच्यासमोर धरून म्हणाला, "तुमी हासून दाखवलं म्हणून म्या घेतलं. एक दाणा उगवला नाही." दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, बाबा, माझा फक्त फोटो आहे. भाऊजींनी त्याला आधी जेवायला बसवलं, मग घरी पेरणीसाठी राखलेलं स्वतःचं सोयाबीन पोत्यात भरलं आणि त्याच्याबरोबर साखरखेर्ड्याला जाऊन त्याची दुबार पेरणी उरकूनच परत आले. मी फोनवर वैतागलो, "भाऊजी, तुमचा काय संबंध?" तर म्हणाले, "थोबाड माह्यं हाय ना बापू थैलीवर? मंग त्यानं कोनाकडं जावं?" तो शेतकरी अजून दिवाळीला त्यांच्याकडे तिळाची पिशवी पाठवतो.

नट व्हायची तयारी मात्र ते मनापासून करत. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभं राहून तुरीला संवाद ऐकवायचे. रडण्याची तालीम, हसण्याची तालीम, कोणी मेल्याची बातमी कळल्याची तालीम. खलनायकाची तालीम त्यांनी गोठ्यात केली तेव्हा म्हशीने पान्हा चोरला आणि ताईने त्यांना सज्जनाच्याच भूमिका करायची सक्त ताकीद दिली.

आणि मग खरंच मुंबईहून फोन आला. कोणीतरी भिंतीवरचं चित्र पाहिलं होतं. टीव्हीवरच्या मालिकेत नायकाच्या वडिलांची भूमिका होती. गावाने शाल-श्रीफळ दिलं. भाऊजींनी सत्काराला उत्तर म्हणून इतकं लांबलचक भाषण केलं की त्यांना शेगावला गाडीवर सोडायला जीप पळवावी लागली. तिसऱ्या दिवशी ते परत आले ते मुके होऊन. काय झालं, कसं झालं, कोणी विचारलं तर "झालं चांगलं" एवढंच. भाऊजींच्या तोंडून दोन शब्दांत उत्तर आलेलं गावाने पहिल्यांदा ऐकलं, आणि तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती.

पहिला भाग लागला तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. ताईच्या घरात पाय ठेवायला जागा नाही. मालिकेतला नायक तरातरा चालत दिवाणखान्यात आला, भिंतीकडे वळला आणि हात जोडून म्हणाला, "बाबा, आज तुम्ही हवे होता." कॅमेरा वर गेला. भिंतीवर भाऊजी. अंगात सूट, गळ्यात टाय आणि तसबिरीला चंदनाचा हार. बायकांच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. माझी आई तिथेच होती, तिने पदर तोंडाला लावला. ताई देवापुढे दिवा लावत होती, ती निरांजन तसंच हातात घेऊन आली, भिंतीवरचा नवरा पाहिला, बाजेवरचा नवरा पाहिला. मग जवळ जाऊन त्यांच्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "उठा. जेवाले चला."

मुंबईला त्यांना एका स्टुलावर बसवून फोटो काढला होता आणि निघा म्हणून सांगितलं होतं. "म्या म्हटलं, माह्यं काम? तं म्हणाले, हेच. वडील वारलेले हायेत." हे त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं, आणि सांगताना ते हसले नाहीत. गावाने मात्र समजूत काढली. खोटी मरणाची बातमी उठली की आयुष्य वाढतं, असं आपल्यात म्हणतात. मग इथे तर ती रोज संध्याकाळी उठणार होती. ताईला ते पटलं की नाही कोण जाणे. तिने एक नेम धरला. भिंतीवरचा फोटो दिसायच्या आत खालच्या माणसाचं पोट भरलेलं पाहिजे. एवढी गरम भाकरी तिने लग्नानंतर पहिल्या वर्षीसुद्धा वाढली नसेल.

मालिका चालली म्हणजे किती चालली! घरात सुना आल्या, गेल्या, पुन्हा आल्या. भाऊजी भिंतीवर. त्यांच्या फोटोखाली उभं राहून धाकट्या सुनेने घराचे कागद पळवले तेव्हा चावडीवर लोकांनी त्यांना घेरलं. "काऊन भाऊ, तुमच्या डोयादेखत कागद गेले अन् तुमच्या तोंडातून शब्द नाही निघाला?" भाऊजी म्हणायचे, "मेलेला मानूस काय बोलीन बे?" सगळे हसायचे. तेही हसायचे. पण मला फोन केला की आवाज खाली यायचा. "बापू, थैलीवर होतो तं निदान जित्ता तरी होतो. आता लोकायले वाटते, हा बोलतच नाही." मी इकडे पुण्यात फोन कानाला लावून बसायचो. मला त्यांच्या त्या बोलण्याची इतकी सवय झाली होती, की ते गप्प झाले की मला माझंच गाव लांब गेल्यासारखं वाटायचं.

दुसरा फोन आला तेव्हा तुरी फुलायला लागल्या होत्या. कथेत वडिलांच्या मृत्यूच्या दिवसाची आठवण दाखवायची होती. वडील घरातून शेवटचे बाहेर पडतात, दारात थांबतात आणि म्हणतात, "जेवायला थांबू नका. मला उशीर होईल." बस. एक वाक्य. भाऊजींनी मला ते फोनवर इतक्या वेळा म्हणून दाखवलं की माझी बायको माझ्या ताटावर झाकण घालायला लागली. मी त्यांना 'जेवायला' शिकवलं, 'मला' शिकवलं, 'होईल' शिकवलं. ते विचारायचे, "अन् 'जेवाले' म्हटलं तं मानूस उपाशी राह्यते काय?" पण शिकायचे. नांगर धरून म्हणायचे, आंघोळ करताना म्हणायचे. ताई चुलीपुढून ओरडायची, "नाही थांबत! आता तरी जा तिकडं!"

मुंबईहून परतले ते उजळलेलं तोंड घेऊन. आधी म्हणे जमेचना. कॅमेरा सुरू झाला की मान वर, दात बाहेर, ओंजळ पुढे. मरायला निघालेला बाप असा हसत ओंजळ पसरून उभा राहिलेला पाहून दिग्दर्शकाने डोकं धरलं. "मंग म्या कॅमेऱ्याकडं पाह्यलंच नाही. आतल्या दारात तुही ताई उभी हाय असं समजलो. हातात परात, पिठाचे हात. अन् निघालं बापू वाक्य तोंडातून! सगये गप झाले. चहावाला बी थांबला." भाऊबीजेसाठी मी पुण्याहून गेलो तेव्हा ते मला हे सांगत होते आणि ताई तिथेच शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही, पण सोललेले दाणे टरफलात टाकत होती.

तो भाग नेमका भाऊबीजेच्याच दिवशी आला. टीव्ही अंगणात काढला, अख्खी गल्ली जमली, साखरखेर्ड्याचा तो शेतकरीसुद्धा तीळ घेऊन आला होता. भाऊजी मधोमध बाजेवर, धुतलेलं धोतर, मिशांना एरंडेल. पडद्यावर दार उघडलं. भाऊजी दारात थांबले. वळले. त्यांच्या डोळ्यांत असं काही होतं, की मला वाटलं हा माणूस खरंच निघून चालला आहे. ओठ हलले आणि आवाज आला, "जेवायला थांबू नका. मला उशीर होईल."

आवाज भाऊजींचा नव्हता. गुळगुळीत, गोल, रेडिओवरच्या बातम्यांसारखा कोणाचा तरी आवाज.

आधी ताईच म्हणाली, "हे कोन बोलून राह्यलं?" मी भाऊजींकडे पाहिलं. आजूबाजूला कोणाच्याही हातात मोबाइल नव्हता, तरी त्यांची मान किंचित वर होती, दात बाहेर होते आणि दोन्ही हातांची ओंजळ मांडीवर पुढे आली होती. तसेच हसत बसून राहिले. लोक एकेक करून, "काम चांगलं झालं भाऊ," म्हणत उठून गेले.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मुंबईच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा मुलगा नम्र होता. म्हणाला, "सर, एक्स्प्रेशन अप्रतिम होतं. फक्त आवाज जरा गावाकडचा येत होता, म्हणून डब केला." मी भांडलो. गावाकडचा म्हणजे काय? आवाजाला गाव असतं म्हणून तर तो ओळखू येतो. 'मला' आणि 'होईल'साठी मी त्यांना घासूनपुसून तयार केलं होतं, ती शिकवणी त्यांच्या कामी आली नाही. तो मुलगा "सॉरी सर" म्हणाला, आणि एवढं भांडूनही माझा राग तसाच राहिला.

मालिकेचा आदला भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवतात. घरात आम्ही तिघंच होतो. भाऊजी बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. ताईने टीव्ही लावला. ते म्हणाले, "बंद कर वो." तिने ऐकलं नाही. पडद्यावर ते दार उघडलं तसा तिने रिमोट उचलला आणि आवाज पार बंद केला. मग आतल्या दारात जाऊन उभी राहिली. हाताला पीठ होतं की नव्हतं मला आठवत नाही. म्हणाली, "हं. आता बोला तुमी."

भाऊजी उठून बसले. टीव्हीकडे त्यांनी पाहिलंच नाही, ताईकडे पाहिलं. मी शिकवलेलं सगळं विसरून, त्या भरघोस, खरखरीत आवाजात म्हणाले, "जेवाले थांबू नोका. मले उशीर होईन."

ताई म्हणाली, "थांबन."

एवढंच. ती स्वयंपाकघरात गेली, मी उगीच अंगणात जाऊन शेंगांची टरफलं गोळा करायला लागलो.

मालिका आता संपली. भिंतीवरची ती तसबीर तिकडे कोणाकडे गेली असेल, हार काढून ठेवला असेल का, असं भाऊजी कधीमधी विचारतात. थैलीवर यंदा दुसरा कोणी आहे, तरणाबांड, दाढी कोरलेला. त्याची ओंजळ रिकामी आहे हे भाऊजींनी मला आवर्जून सांगितलं. मुंबईचा फोन पुन्हा आलेला नाही. पण शेतात जाताना ते अजून तोंडाला पंचा बांधतात.

त्या भाऊबीजेहून परत निघालो तेव्हा ते मला एसटीवर सोडायला आले होते. मी एक व्हिडिओ घ्यावा म्हणून मोबाइल काढला. मान वर, ओंजळ पुढे. "भाऊजी, काहीतरी बोला ना." ओठ हलेनात. मग मी मोबाइल तसाच चालू ठेवून शर्टाच्या खिशात टाकला आणि भाऊजी बोलायला लागले. तुरीचं बोलले, ताईच्या गुडघ्यांचं बोलले, कंडक्टर आपल्या ओळखीचा आहे, खिडकीची जागा दे म्हणून सांगतो म्हणाले, डबा गाडीत विसरू नको म्हणाले. पुण्यात एखाद्या संध्याकाळी फार एकटं वाटलं की मी तो व्हिडिओ लावतो. काहीच दिसत नाही त्यात, खिशातला काळोख आणि भाऊजींचा आवाज. शेवटी गाडी सुरू होते, घंटी वाजते आणि ते खिडकीखालून ओरडून काहीतरी सांगतात, ते इंजिनाच्या घरघरीत ऐकू येत नाही. फोन करून विचारता आलं असतं. मी अजून विचारलेलं नाही. पुन्हा पहिल्यापासून लावतो आणि कान देऊन ऐकतो.